एकतीस नंबरचं झाकण

मटर आला. परवा चष्म्याची काडी बदलायला कमानिया गेटपाशी गेलो होतो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवे ढीग. हातगाडीवर मटर, पोत्यावर मटर, एका उभ्या स्कूटरच्या पायाशी मटर. जबलपुरात हिवाळा आला हे मला थंडीवरून कळत नाही, मटरवरून कळतं. ओल्या वाटाण्याला आमच्या घरात कोणी वाटाणा म्हणत नाही. बाबा भंडाऱ्याकडून नोकरीला आले तेव्हा म्हणत असतील, पण इथल्या हिंदीत राहून राहून तो शब्द केव्हाच घरातून निघून गेला. शेंग मोडली की कट्ट आवाज होतो, बोटांना गोडसर ओला वास लागतो. बाकीच्यांना त्या वासानं भूक लागते. मला लाज वाटते. सरळच सांगतो, आडपडदा कशाला.

या दिवसांत आमच्या घरी मटर सोलायचा एक रविवार ठरलेला असतो. मदन महालच्या आमच्या घरापुढे बारकं अंगण आहे, तिथं सतरंजी टाकायची आणि पोतं ओतायचं. माझा धाकटा भाऊ मधू, त्याची बायको सुनंदा आणि मुलगी रश्मी सकाळीच येतात. काही शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि दातांतून ओढत खायच्या. बाकीचे दाणे डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाकायचे. डबे भरत आले की दरवर्षी कोणीतरी विचारणारच, ‘झाकणं कोण लावते?’ आणि सुनंदा म्हणणारच, ‘यांच्या हाती नका देऊ बाप्पा! यांनी झाकण उघडं ठेवून अख्खा टापू उघडा पाडला होता.’ सगळे हसतात. मधूही हसतो, मान हलवत, डब्यावर झाकण दाबत. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसतं? मी. सात वर्षं हसून राहिलो.

मधू फौजेत हवालदार होता. नकाशात देशाच्या खाली, उजव्या हाताला, समुद्रात काही ठिपके दिसतात. त्यातल्या अगदी शेवटच्या ठिपक्यांपैकी एकावर त्याची पलटण होती. आम्ही त्याला टापू म्हणायचो. तिथून आपला किनारा लांब आणि परक्या देशाचा जवळ, असं तो सांगायचा तेव्हा मायला काही केल्या पटायचं नाही. ‘मग तो आपला कसा रे?’ ती विचारायची. मधू म्हणायचा, ‘आम्ही तिथं बसून राहिलो म्हणून आपला, माय.’

सुट्टीत आला की मी त्याला खोदून खोदून विचारायचो, अर्थात चेष्टेनं. काय करता रे तिथं दिवसभर? तो शांतपणे सांगायचा. उजाडताना आणि मावळताना सगळ्यांनी आपापल्या जागी बंदुका घेऊन बसायचं, कारण येणारा त्याच वेळी येतो. मग दिवसभर समुद्राकडे पाहायचं. जहाज दिसलं की लिहायचं, कुठून आलं, कुठं गेलं, किती वेळ थांबलं. बाकी वेळ गंजाशी मारामारी. खाऱ्या हवेनं तिथं सगळं गंजतं, बंदूक, कुलूप, चमचा, पट्ट्याचं बक्कल. दिवसातून दोनदा तेल. एक मोठी खाडी, तिच्या कडेनं लांबच लांब वाळू, आणि ती राखायला मोजकी माणसं. कोणी उतरलंच तर मदत येईपर्यंत थोपवून धरायचं, एवढाच हुकूम. ‘मदत यायला किती वेळ लागते?’ मी एकदा विचारलं. ‘येते,’ तो म्हणाला, आणि त्यानं शेंग तोंडात टाकली.

एवढी वाळू डोळ्यांनी राखता येत नाही. म्हणून तिथं झाडाझुडपांतून पायाच्या उंचीवर बारीक तार बांधतात. तारेच्या टोकाला एक नळी असते. तारेत पाय अडकला की नळी पेटते आणि सगळा किनारा पांढराफटक उजळतो. त्याला फ्लेअर म्हणतात. कितीदा तर रानडुक्करच अडकतं, मधू सांगायचा, आणि सगळे धावत जाऊन डुकराला सलाम ठोकून येतात. मग तो थोडा गंभीर व्हायचा. ‘पण दादा, ते पेटलं की जिवात जीव येते. डुक्कर तर डुक्कर. तार जिवंत आहे हे तरी कळते.’

मला फ्लेअर काय असतं हे त्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्या शेडमध्ये आम्ही त्यालाच लाडानं फुलबाजी म्हणायचो. मी ज्या फॅक्टरीत होतो तिचं नाव घेत नाही. दोष तिचा नाही, एका माणसाचा आहे, आणि तो माणूस हे लिहून राहिला आहे. माल दुसरीकडे व्हायचा, आमच्याकडे तो पेट्यांत भरायचा. पेटीच्या झाकणाला आतून रबराची पट्टी असते, हवा आत जाऊ नये म्हणून. आत एक पुडी ठेवतात, खड्यांची. खडे कोरडे असले तर निळे, ओल लागली की गुलाबी. पेटी एक दिवस बंद ठेवायची, दुसऱ्या दिवशी उघडायची, पट्टीवरून चारी बाजूंनी बोट फिरवायचं, खडे पाहायचे. निळे असले तर चिठ्ठीवर शिक्का मारून ती झाकणाच्या आत चिकटवायची आणि पेटी कायमची बंद करायची. हे काम माझं. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा. माझा नंबर एकतीस.

शिक्का मिळाला त्या दिवशी मी तो गुपचूप खिशात घालून घरी आणला होता. आणायचा नसतो, पण आणला. मधू तेव्हा शाळेत होता. मी त्याच्या तळहातावर शिक्का मारला आणि म्हटलं, ‘पास!’ दोन दिवस त्यानं तो हात धुवू दिला नाही, मायनं त्याला डाव्या हातानं जेवू दिलं. पुढं त्याचा निकाल लागला की हात पुढं करायचा, ‘दादा, पास कर.’ एकतीस हा आकडा त्या पोराला आपल्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ होता.

आता शेडमधली एक रीत सांगतो. मटरच्या दिवसांत सगळ्यांनाच लवकर निघायचं असायचं. कोणाला सिहोऱ्याहून पोतं आणायचं, कोणाच्या घरी पाहुणे. मग तपासनीस काय करायचा, तर चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सकाळीच शिक्के मारून ठेवायचा. पेट्या बंद करणाऱ्यांनी त्या नुसत्या चिकटवायच्या. अशा चिठ्ठीला आम्ही ‘सोललेली चिठ्ठी’ म्हणायचो. ‘रामटेके जी, आज सोलकर जा रहे हो क्या?’ असं कोणी विचारलं की हसायचं. कोणाला त्यात चोरी वाटत नव्हती. मालात खोट निघत नसे, पट्ट्या चांगल्या यायच्या, मग कशाला उगाच बोट फिरवायचं? मीही बरेच हिवाळे सोललेल्या चिठ्ठ्या ठेवून घरी आलो आणि झोपलो छान.

सात वर्षांपूर्वी डिसेंबर लागला आणि बातम्यांत टापूंची नावं यायला लागली. परकी जहाजं फिरून राहिलीत, मासे धरायला आलो म्हणतात आणि जाळं काही टाकत नाहीत, असं टीव्हीवर ओरडून सांगत होते. मधू तिकडं, म्हणून सुनंदा आणि रश्मी तेव्हा आमच्याकडेच राहायच्या; सुनंदा टीव्ही बंद करायची आणि थोड्या वेळानं स्वतःच लावायची. आमच्या शेडमध्ये तातडीचं काम आलं. रविवारीसुद्धा शेड चालू. माल रेल्वेनं नाही, विमानानं जाणार, एवढंच सांगितलं. पेटीवर ठिकाणाचं नाव नसतं, आकडे असतात. पण मी काही दुधखुळा नव्हतो. विमानानं कुठं जाईल हे मला कळत होतं. फक्त त्याचा विचार केला नाही.

कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मधूची सुट्टी मंजूर झाली होती, जानेवारीच्या मध्यावर. मायचं डोकं तेव्हा हळूहळू विसरायला लागलं होतं. सकाळी चांगली असायची, संध्याकाळी बाबा अजून ड्युटीवरून काहून नाही आले म्हणून दारात उभी राहायची. बाबांना जाऊन तर किती वर्षं झालेली. डॉक्टर म्हणाले होते, ज्यांना भेटायचं त्यांनी लवकर भेटून घ्यावं, जाण्याचं भय नाही, पण ओळख राहणार नाही. मायला रोज सांगायचो, मधू येऊन राहिला. ती म्हणायची, ‘मग मटर आण ना रे. त्याला उकडलेल्या शेंगा पायजेत. सिहोऱ्याच्या आण, त्या गोड राहतात.’

म्हणून मी एका दुपारी सिहोऱ्याला गेलो. सकाळी साठ चिठ्ठ्या सोलून ठेवल्या, शिपायाच्या हाती दिल्या आणि बस धरली. काय ऊन होतं त्या दिवशी! खिडकीतून दोन्हीकडे हिरवं शेत, मध्येच मोहरीचा पिवळा पट्टा, बाया ओळीनं बसून शेंगा तोडत होत्या. सिहोऱ्याच्या बाजारात मी पोत्यापोत्यातली शेंग मोडून पाहिली. दाणा भरला आहे का, कोवळा आहे का, कीड नाही ना, असं चाखून चाखून पोतं निवडलं. बोट फिरवून पाहिलं, हो! मटरच्या शेंगेवर बोट फिरवून पाहिलं मी, आणि त्याच वेळी तिकडं शेडमध्ये त्या साठ पेट्यांवरून कोणीच बोट फिरवत नव्हतं. ही गोष्ट आठवली की आजही कानशिलं तापतात.

त्या खेपेच्या काही पट्ट्या एका कोपऱ्यात आखूड बसत होत्या. नखभर फट. बोट फिरवलं असतं तर बोटालाच कळलं असतं.

जानेवारी आला. बातम्या थंडावल्या, जहाजं परत गेली म्हणे. माय रोज सकाळी उन्हात खाटेवर बसून शेंगा सोलायची आणि त्यातल्या चांगल्या भरलेल्या पदरात बाजूला ठेवायची. ‘ह्या मधूच्या.’ संध्याकाळपर्यंत त्या सुकायच्या. दुसऱ्या दिवशी नव्या. मधू निघायच्या चार दिवस आधी दुपारी फोन आला. टापूवरून फोन म्हणजे निम्मे शब्द समुद्रात पडायचे, म्हणून मी स्पीकर लावला. माय, सुनंदा, माझी बायको सगळ्या भोवती.

‘दादा, सुट्टी रद्द झाली.’

‘काहून? आता तर सगळं शांत आहे ना?’

‘चौकशी आहे. मला इथंच राहावं लागते.’

मायकडे पाहिलं तर ती पदर सावरून फोनकडे वाकली होती, मधूचा आवाज कुठून येतो ते शोधत. माझं डोकं फिरलं. ‘अरे, कसली चौकशी? काय करून राहिले तुम्ही तिथं, पिकनिक? कोण येते तुमच्या त्या टापूवर? खेकडे? इथं माय तुझं नाव विसरून राहिली आणि तू वाळू राखून राहिला!’

पलीकडे नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ. ‘पेटीचं झाकण उघडं राहिलं, दादा. माल भिजला. माझ्याकडून राहिलं.’

आणि मी, साठ-साठ पेट्यांची झाकणं न पाहता पास करणारा मी, सगळ्यांच्या समोर ओरडलो, ‘एक झाकण लावता येत नाही तुला?’

फोन कटला. तो चेष्टेचा शब्द तिथून निघाला. सुनंदानं तो उचलला, पण पेरला मी.

मे महिन्यात मधू आला. चौकशी संपली होती. त्याची सुभेदारीकडे जायची वाट बंद झाली होती, नावापुढे शेरा बसला होता, निष्काळजी म्हणून. वाळलेला, काळा पडलेला, खांद्यावर तीच हिरवी पिशवी. सकाळचे दहा वाजले असतील. माय खाटेवर बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, हात तिच्या गुडघ्यांवर ठेवले. ‘माय.’

एक गोष्ट इथं समजून घ्या. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. पोरं आता घरातही हिंदी फाडतात, त्यांचं सोडा. पण मोठ्या माणसांत हिंदी म्हणजे दूधवाला, मीटरवाला, परका माणूस. मायची हिंदी मोडकी, पण परक्यासाठी ती फार अदबीनं बोलायची.

तिनं मधूकडे पाहिलं. पदर डोक्यावरून ओढून घेतला. गुडघे हळूच बाजूला केले आणि म्हणाली, ‘किससे मिलना है, भैया?’

ती पुढं म्हणाली, ‘हमारा मधू घर पे नहीं है. उसका टापू पे ड्यूटी है. जनवरी में आयेगा.’

मधूनं हात मागे घेतले. मग उठला आणि म्हणाला, ‘ठीक है माताजी. फिर आऊंगा.’ काय डोकं असेल त्या पोराचं, त्या क्षणी त्याला तिची अदब मोडवली नाही. सुनंदा स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होती. माय त्यानंतर दीड वर्ष होती, मधू येत-जात राहिला, तिनं त्याला पुन्हा मधू म्हटलं नाही. भैया म्हणायची. चांगला मुलगा आहे म्हणायची, कोणाचा कोण, पण किती करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. मधू आला, पाकिटातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या आरशापाशी ठेवला. ‘हे तुझ्याजवळ ठेव. दुसऱ्या कोणाच्या हाती नको लागू देऊ.’ उघडून पाहिलं तर आमच्या शेडची चिठ्ठी. डागाळलेली, एका कोपऱ्यात लाकडाचा कपचा चिकटलेला. मध्ये निळा शिक्का. एकतीस.

त्यानं सांगितलं ते दोन-चार वाक्यांत. पेट्या उतरल्या, त्यानंच उघडल्या. पहिल्या पेटीतले खडे गुलाबी. पाच नळ्या पेटवून पाहिल्या, तीन नुसत्या फुसफुसल्या. अशा सात पेट्या निघाल्या आणि सातही झाकणांवर माझा नंबर. खाडीचा तेवढा तुकडा नऊ दिवस आंधळा होता. तारा होत्या, उजेड नव्हता. मग तारेच्या जागी माणसं बसवली, पाळीपाळीनं, चिखलात, पावसात. जहाजं तेव्हा समोरच उभी होती. ‘कोणी आलं असतं तर?’ मी विचारलं. ‘आलं नाही ना,’ तो म्हणाला.

‘मग माझं नाव काहून नाही सांगितलं?’

‘साहेबांनी विचारलं, माल तिकडून खराब आला की इथं भिजला? चिठ्ठ्या मी आधीच काढल्या होत्या. म्हटलं, इथं भिजला. झाकणं माझ्याकडून उघडी राहिली.’ मग म्हणाला, ‘तुझी नोकरी गेली असती, दादा. पोरींची लग्नं व्हायची होती. माझी तर सुट्टीच गेली.’

फक्त सुट्टी! गालावर अर्धा साबण तसाच वाळला. मी त्याला ‘सांगतो सगळ्यांना, आजच सांगतो’ असं म्हटलं. तो म्हणाला, राहू दे. मी राहू दिलं. किती पटकन राहू दिलं, याचंच आज नवल वाटतं. माणसाला वाचवणारा शब्द कोणी हातात दिला की तो धरायला वेळ लागत नाही. पोरींची लग्नं झाली की सांगू. माय आहे तोवर नको. माय गेली, आता कशाला जुनं काढायचं. दरवर्षी मटर आला की रविवार उजाडायचा, झाकणाची चेष्टा व्हायची, मी हसायचो, रविवार मावळायचा. शेडमध्ये मात्र त्या दिवसापासून एकही चिठ्ठी सोलली नाही. प्रत्येक पेटीवरून बोट फिरवलं. लोक म्हणायचे, रामटेके जी को क्या हो गया. पण त्यानं काय होते? चुकलेलं झाकण तिकडं टापूवर केव्हाच उघडलं गेलं होतं.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. सत्काराला मधू पहिल्या रांगेत. साहेब माइकवर म्हणाले, इतक्या वर्षांत एकतीस नंबरच्या शिक्क्यावर एकही शिकायत नहीं आयी. टाळ्या. मी समोर पाहिलं, मधू टाळ्या वाजवत होता, मनापासून, लहानपणी हात पुढं करायचा तसा चेहरा करून. शाल खांद्यावर पडली तेव्हा ती भिजल्यासारखी जड वाटली. सकाळी विहारात जातो, पंचशील म्हणतो. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज बारीक होतो. शेजारच्यांना वाटतं वय झालं.

तर यंदाचा रविवार. सतरंजी टाकली, पोतं ओतलं. माझी बायको नागपूरला मुलीकडे गेलेली, म्हणून आम्ही चौघंच. मधूही आता निवृत्त झाला आहे, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून बसला. रश्मीनं फौजेत अधिकारी व्हायची लेखी परीक्षा काढली आहे, पुढच्या महिन्यात मुलाखत. शेंगा सोलता सोलता ती उत्तरं पाठ करत होती. सुनंदा प्रश्न विचारत होती.

‘आपके पिता किस रैंक से रिटायर हुए?’

‘हवलदार, सर.’

‘आगे क्यों नहीं बढ़े?’

रश्मीनं ताठ बसून उत्तर दिलं. चांगलं घोटलेलं उत्तर होतं. ‘सर, उनसे एक लापरवाही हुई थी. सामान का ढक्कन खुला रह गया था. मैंने पापा की उस गलती से सीखा है कि छोटी चीज़ भी छोटी नहीं होती.’

‘वा!’ सुनंदा म्हणाली, ‘एकदम बरोबर. असंच सांग.’ आणि मधूकडे पाहून हसत म्हणाली, ‘पाहा, तुमचं झाकण कुठं तरी कामी आलं.’

मधू हसला. दाणे डब्यात टाकले. ‘अच्छा है बेटा,’ तो म्हणाला. ‘लेकिन थोड़ा धीरे बोलना.’

आतापर्यंत ते आमच्या अंगणात होतं. आता ही पोरगी ते घेऊन परक्या साहेबांसमोर जाणार, आपल्या बापाला आपल्या तोंडानं निष्काळजी म्हणणार, आणि तिला शाबासकी मिळणार. मी हातातली शेंग खाली ठेवली. मी म्हटलं, ‘रश्मी, ते उत्तर देऊ नको. खोटं आहे ते.’

‘दादा,’ मधू म्हणाला. ‘मटर सोल.’

‘झाकण त्यानं उघडं नाही ठेवलं. मी पाहिलंच नव्हतं ते.’

सुनंदाला वाटलं मी नवी चेष्टा काढली. ती हसायलाही लागली होती. मी आत गेलो, कपाटातल्या डबीतून तो कागद आणला आणि तिच्या ताटलीतल्या हिरव्या दाण्यांवर ठेवला. रश्मीनं उचलला. ‘इकत्तीस. ये किसका नंबर है?’

‘माझा.’

मग सगळं सांगितलं. सिहोऱ्याची बस, सोललेल्या चिठ्ठ्या, गुलाबी खडे, चौकशीत मधू काय बोलला ते, आरशापाशी ठेवलेली घडी. सात वर्षं मला माहीत होतं हेही सांगितलं, कारण खरी घाण तीच होती. मधू मध्येच एकदा ‘दादा, काहून?’ एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून रिकाम्या सालांत दाणे शोधत बसला. रश्मी बापाकडे पाहत होती. मग ती सरकत सरकत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. तिला जन्मल्यापासून पाहतो आहे, असं त्याच्याकडे पाहताना तिला कधी पाहिलं नव्हतं. त्याचं जे त्याला मिळायला हवं होतं ते मिळालं, मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढंच मला कोणी काढून घेऊ नये.

सुनंदा लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला दादा म्हणते. मायच्या आजारपणात तिनं नि मी मिळून किती दिवस काढले, भांडलो काय, हसलो काय, सगळं मराठीत. ती ताटलीतले उरलेले दाणे संपेपर्यंत सोलत राहिली. डबा भरला, झाकण लावलं, हात पदराला पुसले. उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली. पदर डोक्यावर घेतला.

‘भाईसाहब,’ तिनं विचारलं, ‘आप चाय लेंगे?’

‘जी,’ मी म्हटलं. ‘लूंगा.’